नाताळचं कार्ड अमेरिकेच्या घराघरांत नेणाऱ्या निर्वासिताची गोष्ट

दिवाळी आली की फॅमिली ग्रुपवर पहाटेपासून पणत्या पेटायला लागतात. ईदला चंद्रकोर येते, नाताळला सांता येतो. शुभेच्छा पाठवायला दमडी लागत नाही. हात जोडलेली इमोजी टाकायची तर हाताचा रंगही निवडता येतो. ही सोय मोबाइलमध्ये २०१५ साली आली आणि आता तिचं कुणाला अप्रूपही राहिलेलं नाही.

पण शुभेच्छांच्या चित्रात कोण दिसणार, ते चित्र कोण काढणार आणि ते कुणाच्या खिशाला परवडणार, हे प्रश्न मोबाइलच्या फार आधीचे आहेत. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका छापखानेवाल्यानं या तिन्ही प्रश्नांना हात घातला होता. त्याचं नाव लुई प्रँग. अमेरिकेत त्याला ख्रिसमस कार्डचा जनक म्हणतात.

गंमत म्हणजे हा माणूस मूळचा अमेरिकन नव्हताच. पोलिसांचा ससेमिरा चुकवत तिथं पोचलेला तो एक निर्वासित होता.

प्रँगचा जन्म १२ मार्च १८२४ चा, ब्रेस्लाव शहरातला. तेव्हा हे शहर प्रशियाच्या राज्यात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. वडिलांचे पूर्वज फ्रेंच ह्युगेनो, म्हणजे धर्माच्या छळामुळं फ्रान्स सोडून गेलेले प्रोटेस्टंट. आई जर्मन. वडिलांचा धंदा कापडावर छपाई करायचा.

लहानपणी पोराची तब्येत सतत बिघडलेली असायची, त्यामुळं शाळा धड झाली नाही. मग वडिलांनी त्याला कारखान्यातच बसवलं. रंग कसा कालवायचा, ठसा कसा कोरायचा, एका रंगावर दुसरा रंग चढवताना नक्षी हलू कशी द्यायची नाही, हे सगळं तो तिथं शिकला. पुढं आयुष्यभर जे विकलं ते याच शिदोरीवर.

१८४८ साली युरोपात जागोजागी राजेशाहीविरुद्ध उठाव झाले. मतदानाचा हक्क पाहिजे, छापण्याचं स्वातंत्र्य पाहिजे, या मागण्या घेऊन तरुण रस्त्यावर आले. त्यात प्रँगही होता. उठाव चिरडले गेले आणि प्रशियाचं सरकार त्याच्या मागं लागलं. तो स्वित्झर्लंडमध्ये निसटला आणि १८५० साली थेट अमेरिकेत उतरला.

असे हजारो जर्मन तेव्हा अमेरिकेत गेले. त्यांना अठ्ठेचाळीसवाले म्हणूनच ओळखलं जायचं. त्यांच्यातले बरेच जण गुलामगिरीच्या कडव्या विरोधात होते. राजाच्या विरोधात लढून आलेल्या माणसाला समोर माणसांचा बाजार दिसला तर तो गप्प कसा बसेल?

बॉस्टनमध्ये सुरुवातीला प्रँगचं काही जमलं नाही. वास्तुकलेची पुस्तकं काढून बघितली, चामड्याच्या वस्तू करून बघितल्या. दोन्ही धंदे आपटले. मग लाकडावर कोरीवकाम करून पोट भरलं. १८५१ मध्ये रोझा गर्बर या स्विस मुलीशी लग्न केलं. १८५६ मध्ये ज्युलियस मेयर नावाच्या भागीदाराबरोबर शिळाछपाईचा छापखाना टाकला आणि १८६० मध्ये तो एकट्याच्या नावावर केला. पाटी लागली, एल. प्रँग आणि कंपनी.

लगेच यादवी युद्ध पेटलं. प्रँगनं युद्धाचे नकाशे छापले, सोबत रंगीत पेन्सिली दिल्या. पेपरातली बातमी वाचायची आणि कुणाचं सैन्य कुठं सरकलं याच्या रेघा घरी बसून मारायच्या, अशी आयडिया. नकाशे धडाधड खपले.

याच काळात त्यानं विन्स्लो होमर या तरुण चित्रकाराकडून सैनिकांच्या छावणीतली चित्रं काढून घेतली. त्या १८६३ च्या संचातल्या एका चित्रात एक कृष्णवर्णीय आचारी गोऱ्या सैनिकांसमोर नाचतोय. चेहरा, अंगविक्षेप, सगळं हसण्यासाठी. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय माणूस छापील चित्रात बहुतेक वेळा असाच दिसायचा. अठ्ठेचाळीसवाल्या प्रँगच्या छापखान्यातूनही तो तसाच बाहेर पडला. हे चित्र लक्षात ठेवा, कारण सात वर्षांनी याच छापखान्यातून जे निघालं ते याच्या अगदी उलट होतं.

त्याआधी ही छपाई कशी चालायची ते बघू.

शिळाछपाई म्हणजे दगडावरची छपाई. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात गुळगुळीत चुनखडीचा दगड मिळतो. त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागेला पाणी धरतं, खडूच्या जागेला धरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रालाच चिकटते. त्यावर कागद दाबला की झाली प्रत.

हे एका रंगाचं झालं. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. गालाचा गुलाबी वेगळा, सावलीचा करडा वेगळा, पानाचा हिरवा वेगळा. चांगल्या चित्राला वीस, तीस, कधी त्याहून जास्त दगड लागायचे. कागद तितक्याच वेळा यंत्राखालून जाणार आणि प्रत्येक वेळी तो त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला की माणसाचे ओठ गालावर गेलेच म्हणून समजा.

आपल्याकडं हे तंत्र परकं नाही. पुण्याच्या चित्रशाळेनं १८७८ पासून देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या माणसांची चित्रं छापली ती दगडावरच. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. पुढं हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या भिंतीवरही या छपाईमुळं लक्ष्मी आणि सरस्वती आल्या.

प्रँगचं गणितही असंच होतं. मोठ्या चित्रकाराचं एक चित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात लागतं. तेच हुबेहूब छापलं तर शिक्षकाच्या, सुताराच्या, दुकानातल्या कारकुनाच्याही घरात लागेल. १८६४ मध्ये तो युरोपात जाऊन नवं तंत्र बघून आला आणि कामाला लागला. कोंबडीच्या पिलांचं एक चित्र तुफान चाललं. रॉक्सबरी भागात त्यानं मोठा कारखाना बांधला.

कलेच्या जाणकारांनी नाकं मुरडली. ही नकली कला, यानं लोकांची रुची बिघडते, असं लिहून आलं. १८७४ मध्ये गॉडकिन या वजनदार संपादकानं तर उथळ, उसन्या संस्कृतीला या रंगीत छापील चित्रांचंच नाव देऊन टाकलं. प्रँग वाद घालत राहिला आणि चित्रं विकत राहिला. नामवंतांना चित्रं भेट पाठवायची आणि त्यांचे अभिप्राय जाहिरातीत वापरायचे, हा त्याचा हातखंडा. आजच्या भाषेत इन्फ्लुएन्सर मार्केटिंग.

आता १८७० सालात येऊ.

यादवी युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. गुलामगिरी कायद्यानं गेली होती. जानेवारी १८७० मध्ये मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आला. सिनेटच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. विरोधकांनी तो पुरेशी वर्षं देशाचा नागरिकच नव्हता अशी खुसपटं काढली. शेवटी मतदान झालं, ४८ विरुद्ध ८ मतांनी रेव्हल्सला जागा मिळाली आणि २५ फेब्रुवारीला त्यानं शपथ घेतली.

थिओडोर कॉफमन नावाच्या चित्रकारानं त्याचं व्यक्तिचित्र काढलं. कॉफमनही जर्मन आणि तोही अठ्ठेचाळीसचा. प्रँगनं ते चित्र त्याच वर्षी रंगीत छापून बाजारात आणलं.

चित्रात विशेष असं काहीच नाही आणि तेच त्याचं विशेष. काळा कोट घातलेला एक गंभीर माणूस. नाचत नाही, दात काढत नाही, कुणाचं सामान उचलत नाही. त्या काळी गोऱ्या पुढाऱ्याचं जसं चित्र काढत तसंच हे काढलेलं.

प्रँगनं एक प्रत फ्रेडरिक डग्लसला पाठवली. डग्लस म्हणजे गुलामगिरीतून पळून आलेला, पुढं लेखक आणि वक्ता म्हणून गाजलेला नेता. चित्रांची ताकद त्याला पुरेपूर माहीत होती. एकोणिसाव्या शतकात सगळ्यात जास्त फोटो काढून घेणारा अमेरिकन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. फोटो काढताना तो मुद्दाम गंभीर बसायचा, कारण हसऱ्या, खुशालचेंडू गुलामाचं चित्र त्याला मोडून काढायचं होतं.

जून १८७० मध्ये डग्लसनं प्रँगला उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा, की आमच्या लोकांना घरात चित्रं लावायची हौस नाही असं म्हटलं जातं, पण बाजारात आमची चित्रं येतात ती माकडासारखी काढलेली. स्वतःची टिंगल कोण भिंतीवर लावील? रेव्हल्सला आपण पाहिलेलं आहे आणि हे चित्र त्याच्याशी इमान राखणारं आहे, असंही त्यानं कळवलं. आता आमच्या घरांच्या भिंतीही सजतील, अशी त्याला आशा होती.

थोडा विचार केला तर या पत्रातलं दुःख कळतं. गरिबी होतीच, पण हातात चार पैसे आले तरी विकत घ्यावं असं चित्रच बाजारात नव्हतं.

आणि प्रँगचं चित्र आलं म्हणून बाजार काही सुधारला नाही. १८८० च्या दशकात करियर आणि आईव्ह्ज या न्यूयॉर्कच्या बड्या कंपनीनं कृष्णवर्णीय वस्तीची टिंगल करणारी चित्रमालिका काढली आणि ती जोरात खपली. रेव्हल्स स्वतः सिनेटमध्ये जेमतेम वर्षभर होता.

कार्डाची गोष्ट सुरू होते ती यानंतर, तीही योगायोगानं.

छापील नाताळ कार्ड ही मूळची इंग्लंडची कल्पना. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यानं चित्रकार हॉर्सलीकडून पहिलं कार्ड काढून घेतलं. किंमत एक शिलिंग, म्हणजे कष्टकरी माणसाला झेपणारी नव्हेच. कार्डावर मेजवानीला बसलेलं खातंपितं कुटुंब मधोमध आणि गरिबांना अन्न, कपडे वाटतानाची चित्रं कडेला. गरीब कार्डावर होता खरा, पण घेण्यासाठी हात पुढं केलेला.

अमेरिकेत तर बॉस्टनच्या जुन्या कर्मठ प्युरिटनांना नाताळच मंजूर नव्हता. १६५९ मध्ये तिथं नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठोकायचा कायदा झाला होता. तो रद्द झाला तरी अढी पुढं दीडशे वर्षं टिकली. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या लोकांनी, त्यातही जर्मनांनी, आपापले रिवाज आणले तसा हा सण तिथं रुळत गेला. देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत तो आला तेही १८७० मध्येच.

१८७३ मध्ये व्हिएन्नाला जागतिक प्रदर्शन भरलं. प्रँगनं तिथं फुलांची नक्षी असलेली व्यापारी कार्डं मांडली. त्या काळचं व्हिजिटिंग कार्डच ते. प्रँगच्या इंग्लंडमधल्या प्रतिनिधीच्या बायकोला सुचलं की यात दुकानाच्या नावाच्या जागी नाताळच्या शुभेच्छा घाला ना! प्रँगनं घातल्या. त्याच वर्षी ती कार्डं इंग्लंडमध्ये विकली गेली आणि १८७४ पासून अमेरिकेत. म्हणजे अमेरिकन ख्रिसमस कार्डामागची मूळ अक्कल एका बाईची, पण जनक म्हणून नाव लागलं प्रँगचं.

कार्डांवर सुरुवातीला असायचं काय? तर फुलं. गुलाब, जिरॅनियम. बर्फ नाही, येशूचा गोठाही फारसा नाही. छापखान्याकडं फुलांची चित्रं तयार होती हे साधं कारण. पण त्याचा एक फायदा झाला. फुलाला पंथ नसतो. नाताळवर नाक मुरडणाऱ्या कर्मठ घरातही ते कार्ड जाऊ शकत होतं आणि नुकत्याच बोटीतून उतरलेल्या कुटुंबालाही ते आपलं वाटू शकत होतं. पुढं त्यानं नववर्ष, ईस्टर, वाढदिवस अशी सगळ्याच प्रसंगांची कार्डं काढली. १८८१ पर्यंत कारखान्यातून वर्षाला सुमारे ५० लाख कार्डं बाहेर पडू लागली.

एवढ्या कार्डांना चित्रं लागणार आणि चित्रांना चित्रकार. इथं प्रँगनं जे केलं त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

त्या काळी चित्रकार म्हणजे पुरुष. बायकांनी फुलं रंगवावीत, पण हौस म्हणून. शंभरावर बायका प्रँगच्या कारखान्यात कामाला होत्या आणि बाहेरच्या कितीतरी जणींकडून तो चित्रं विकत घ्यायचा. फिडेलिया ब्रिजेस ही पक्षी आणि रानफुलं काढण्यात वाकबगार चित्रकार वर्षानुवर्षं त्याला चित्रं देत होती. एलन थेयर फिशर ही सात मुलांची आई. एवढा संसार सांभाळून ती फुलं काढायची आणि प्रँग ती छापायचा. आपल्याकडं पापड-मसाल्यावर संसार उभा करणाऱ्या बायकांची आठवण व्हावी, फक्त इथं हातात ब्रश होता.

१८८० मध्ये प्रँगनं नाताळ कार्डाच्या चित्रांची खुली स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस १००० डॉलर! कार्डाच्या एका चित्राला तेव्हा ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. परीक्षक नामांकित, प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये. गोष्ट अशी की प्रवेश सगळ्यांना होता.

पहिलं बक्षीस मिळालं रोझिना एमेट या पंचवीस वर्षांच्या मुलीला.

पुढच्या वर्षी एलिह्यू व्हेडर या नावाजलेल्या चित्रकारानं बाजी मारली, पण नंतर डोरा व्हीलर या दुसऱ्या तरुण मुलीनं मोठी बक्षिसं खिशात टाकली. पुढच्या स्पर्धांत प्रँगनं परीक्षकांच्या जोडीला प्रदर्शन बघायला येणाऱ्या लोकांचंही मत घेतलं. जाणकारांना काय आवडतं आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला काय आवडतं, हे दोन्ही त्याला बघायचं होतं. एसएमएस व्होटिंगच्या सव्वाशे वर्षं आधी.

यात धंदा नव्हता का? होता की. स्पर्धेच्या बातम्या फुकट छापून यायच्या, गाजलेली नावं कार्डावर यायची, चित्रंही हाताशी जमायची. प्रँग साधुसंत नव्हता. पण धंद्यासाठी का होईना, त्यानं जी दारं उघडली त्यातून माणसं आत आली, हे खरं.

एक गोष्ट मात्र खटकते. रेव्हल्सचं चित्र छापणाऱ्या या माणसाचं नाव ज्या कार्डांमुळं झालं, त्यांवर असायची ती फुलं, पक्षी, गोंडस गोरी मुलं आणि गोरे देवदूत. व्यक्तिचित्रात जमलेलं सणाच्या कार्डात उतरलं नाही. कदाचित गिऱ्हाईक दुरावेल अशी भीती असेल, कदाचित ते सुचलंच नसेल. डग्लसला घराच्या भिंतीबद्दल जी आशा वाटली होती ती टपालाच्या पाकिटापर्यंत पोचायला पुढं अनेक दशकं जावी लागली.

प्रँगची कार्डं दिवसेंदिवस महाग आणि नखरेल होत गेली. कडेला रेशमी झालर, गोंडे, सॅटिनवर छपाई. तेवढ्यात बाजारात स्वस्त कार्डांचा पूर आला. छपाई साधी, किंमत अगदी किरकोळ. ही कार्डं कुठून येत होती? जर्मनीहून. ज्या मुलखातून जीव वाचवून पळाला, त्याच मुलखातल्या मालानं प्रँगला त्याच्याच धंद्यात गाठलं. दर्जा उतरवायला तो तयार नव्हता. १८९० च्या सुमारास त्यानं कार्डांमधून अंग काढून घेतलं.

स्वस्त कार्डांनी प्रँगला हरवलं ते त्याच्याच तत्त्वानं, असंही म्हणता येईल. चित्र सगळ्यांना परवडलं पाहिजे हे त्यानंच शिकवलं होतं.

त्यानंतर त्यानं दोन कामं केली. एक म्हणजे बाल्टिमोरच्या वॉल्टर्स यांच्या संग्रहातल्या चिनी मातीच्या भांड्यांचा ग्रंथ. त्यात ११६ रंगीत चित्रं होती आणि काही चित्रांना चाळीसच्या वर दगड लागले. १८९७ मध्ये तो पूर्ण झाला. बघणारे आजही त्या छपाईपुढं हात टेकतात. त्याच वर्षी त्याची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली.

दुसरं काम शाळेतलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८७० मध्ये सरकारी शाळांत चित्रकला शिकवायचा कायदा केला होता. शिकवायला वह्या, पुस्तकं, रंग लागणार हे प्रँगनं हेरलं. १८८२ मध्ये त्यानं शालेय साहित्याची वेगळी कंपनी काढली. लहान मुलांना हाताळायला सोपे, सुरक्षित जलरंग विकले. या कंपनीत अभ्यासक्रमाचं काम बघायची मेरी डेना हिक्स ही शिक्षिका. १८९८ मध्ये रोझा वारली. १९०० मध्ये प्रँगनं मेरीशी लग्न केलं, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता.

१९०९ साली लॉस एंजेलिसमध्ये प्रँग गेला. त्याच्या नावाच्या जलरंगांच्या डब्या अमेरिकेत अजूनही मिळतात. मेरी त्याच्यामागं अठरा वर्षं जगली. तिनं म्हातारपणी पुन्हा वह्या-पुस्तकं काढली, रॅडक्लिफ कॉलेजात शिकली आणि १९२१ मध्ये, पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, हार्वर्डमधून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली.